तार खालच्या पोर्टात मी बसवली होती

भूपाल, तू गेल्यापासून लोक घरी येऊन माझं सांत्वन करतात, आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. चहा होतो, मग कुणीतरी म्हणतं, फौजी आणि अण्णा म्हणजे कारखान्यातली जोडी होती, असली दोस्ती आता बघायला मिळायची नाही. मी मान हलवतो. गेली दोन वर्षं आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, हे त्यांना माहीत नाही. सांगितलं तरी ते मानणार नाहीत. माझं खरं कुणी मानू नये अशी व्यवस्था तू जाण्याआधीच करून ठेवली होतीस.

शोकसभेत तर हद्द झाली. कारखान्याचे साहेब बोलायला उभे राहिले. तुझ्या हुशारीचं, तुझ्या सचोटीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, शेवटच्या हंगामात अण्णांच्या हातून एक चूक झाली, पण ती त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केली, यातच त्यांचा मोठेपणा. मला बसवलं नाही. मी उठलो आणि म्हणालो, चूक भूपालची नव्हतीच, माझी होती. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. साहेब खाली येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, गेलेल्या माणसाचं नाव जपावं तर तुम्हीच." मग सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. त्या शांततेत मी मनातल्या मनात तुला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

आपल्या भागातल्या साप्ताहिकाने तुझ्या आठवणी लिहून मागितल्या आहेत. आठवणी कसल्या, हा माझा जबाब समजा. तोंडी सांगून दोनदा खोटा पडलोय. आता तारेसकट, पोर्टासकट लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवणार नाही.

तुला माहीत आहे ते वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. मी कोरेगाव तालुक्यातला, फौजेत सिग्नलमध्ये होतो, पेन्शन घेऊन आलो आणि या साखर कारखान्यात केबलच्या कामाला लागलो. तू मिरजेच्या पूर्वेचा जैन, घरात कानडी, बाहेर मराठी. आणि काट्याचा प्रोग्राम तुझा, पहिल्या ओळीपासून तू लिहिलेला. उसाची गाडी काट्यावर आली की वजन काटाघरातल्या पडद्यावर यायचं, शेतकऱ्याच्या नावावर चढायचं आणि पावती निघायची. ते वजन जिथे साठतं तो डेटाबेस मागच्या खोलीतल्या मशीनवर. काटाघर आणि ती खोली यांच्यामध्ये माझी तार. दोघांचं वय होऊन गेलं तरी कारखान्याने आपल्याला ठेवून घेतलं होतं, कारण तुझा प्रोग्राम दुसऱ्या कुणाला कळत नव्हता आणि माझी तार कुठून कुठे जाते हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आपला करारही लोकांना सांगायला हवा. एकदा तुला टेबलाखाली पंखा ठेवायचा होता, म्हणून तू माझी तार उचकटलीस आणि अख्खं काटाघर बंद पाडलंस. त्या दिवशी ठरलं. तू तारेला हात लावायचा नाही, मी प्रोग्रामकडे बघायचं नाही. त्यानंतर काहीही अडलं की तू म्हणायचास तार बघ, मी म्हणायचो प्रोग्राम बघ, आणि ज्याचं निघेल त्याने दुसऱ्याला भेळ द्यायची. माणूस म्हणून तू कधी सरळ नव्हतास. माझ्या स्पेलिंगच्या चुका तू चारचौघांत काढायचास. मी सरहद्दीवरची गोष्ट सांगायला लागलो की तू चष्मा पुसायला घ्यायचास. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून भर हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असताना, तू फडक्याची गाठ सोडून डबा उघडायचास. मी दारात उभा राहून गाडीवानांना सांगायचो, थांबा जरा, अण्णासाहेबांची देवाबरोबर मीटिंग चाललीय. तू आतून म्हणायचास, "त्यालाबी इचारलंय मी, ह्या फौजीला कवा न्हेतुयास." तू हसायचास तेव्हा मीही हसायचो, हे नाकारत नाही.

आता तो दिवस.

हंगामाची सुरुवात काटापूजनाने होते. काट्याला हळद-कुंकू, झेंडूचं तोरण, नारळ, मग पहिली गाडी. फौजेत आम्ही दसऱ्याला हत्यारं बाहेर मांडून पुजायचो, त्यामुळे इथे आल्यापासून मी एक प्रथा पाडली होती. मागच्या खोलीतलं मशीन बंद करायचं, सगळ्या तारा काढायच्या, ते पुसून बाहेर आणायचं आणि काट्याशेजारी पाटावर ठेवून त्याचीही पूजा करायची. दर वर्षी तू कुरकुरायचास. त्या वर्षीही म्हणालास, "फौजी, त्याला भाईर कशाला काढतुयास? आत जाऊन कुक्कू लाव की." मी म्हणालो, शस्त्र बाहेर काढूनच पुजत्यात. तू म्हणालास, "शस्त्राला तार नसती गड्या."

पूजा झाली. पाहुणे होते, प्रसादाची गडबड होती. मी मशीन उचलून आत नेलं, जागेवर ठेवलं, आणि मागे वाकायचा कंटाळा केला. नुसता हात मागे घालून चाचपत तार बसवली. त्या मशीनला मागे दोन पोर्ट होते, एकावर एक. तू मशीनला जो पत्ता दिला होतास तो वरच्या पोर्टाला. खालच्याला काहीच नव्हतं. दिवा मात्र दोन्हींना लागतो, हिरवा. टक् असा आवाज आला, हिरवा दिवा लागला, आणि मी हात झटकून बाहेर आलो.

पहिली गाडी काट्यावर चढली आणि पडद्यावर आलं, डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.

हाताने पावत्या लिहून वेळ मारून नेता आली असती, पण आपल्या भागात उसाच्या वजनावरून काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. हाताने लिहिलेली पावती म्हटलं की काटा मारला हीच शंका आधी येते. गाडीवाले एका सुरात म्हणाले, छापील पावती निघेस्तोवर गाडी रिकामी करणार न्हाई. रांग फाटकाबाहेर गेली. उन्हात ऊस वाळत होता, बैल उभे होते. एक जण खिडकीतून डोकावून म्हणाला, "नारळ फोडला, पेढं दिलं, अजून काय पायजे तुमच्या कंप्युटरला? बोकड कापू का?"

तू मागच्या खोलीत जाऊन मशीनसमोर बसलास. मागच्या हंगामाच्या नोंदी मागवल्यास, पटापट आल्या. बाहेर येऊन म्हणालास, डेटाबेस जिवंत हाय. मी माझ्या टेस्टरने तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, सगळे दिवे लागले. मी म्हणालो, तार जिवंत हाय. दोघंही खरं बोलत होतो, आणि काटा बंद होता. काटाघरातून मशीनला हाक मारून बघायची सोयही नव्हती, कारण व्हायरस रोखायला आणलेल्या नव्या प्रोग्रामने तसल्या हाकांना उत्तर देणं आधीपासूनच बंद केलेलं होतं. मग तू त्या नव्या प्रोग्रामवरच संशय घेतलास. तो थांबवून पाहिलास. फरक नाही. पासवर्ड तपासलास. सकाळी पूजेआधी चालणाऱ्या गोष्टीत काय बदललं असेल, हे तू मोठ्याने एकेक करून मोजत होतास, आणि फिरून फिरून तुझी नजर मशीनच्या मागच्या बाजूला जात होती. ते मी बघत होतो.

दुपार कलली तेव्हा तू विचारलंस, "फौजी, एकदा मागं बघू का?"

सुप्रिया, आपली काट्यावरची क्लार्क, तिथेच होती. दारात चार गाडीवान होते.

मी म्हणालो, "म्हंजी मी तार चुकीची लावली म्हणतुयास?"

"म्हणत न्हाई. बघू का, इचारतुय."

"बघायचं न्हाई. ठरलंय आपलं. तारंचं माझ्यावर. तुझा प्रोग्राम म्हातारा झालाय, ते कबूल कर."

तू पुन्हा स्क्रीनकडे वळलास. भूपाल, पोर्ट चुकला याचं मला एवढं वाटत नाही. हात कुणाचाही चुकतो. तू विचारत होतास आणि मी बघू दिलं नाही, हे मात्र जेवताना आठवतं, दाढी करताना आठवतं, देवळात हात जोडले की आठवतं. तो उरलेला दिवस, उन्हातले ते बैल, आणि पुढे तुझं जे झालं ते सगळं, माझ्या त्या एका उत्तराने झालं.

संध्याकाळी साहेब आले. तोपर्यंत बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. साहेब म्हणाले, ज्याच्यामुळे हे झालं तो आज घरी जाईल, मग कितीही जुना असो. मी म्हणालो, खांबावरची लाइन एकदा बघून येतो. निघून गेलो. खरं सांगायचं तर तिथे उभं राहवेना. परत आलो तर काटा चालू झालेला, पावत्या निघत होत्या, आणि तू चष्मा हातात धरून साहेबांसमोर उभा होतास.

"साहेब, प्रोग्राममधी पत्ता चुकीचा पडला हुता," तू म्हणालास. "माझी चूक."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "सकाळपासनं सांगतुय, प्रोग्राम बघा."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. दिवस मावळला होता, तुझा डबा खिडकीत तसाच बांधलेला होता. म्हणजे आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तू उपाशी. मला त्याचीही गंमत वाटली त्या वेळी.

आठवड्याभरात पुण्याच्या कंपनीचा प्रोग्राम घ्यायचं ठरलं. तुला शाल आणि श्रीफळ मिळालं. तुझा प्रोग्राम पुसून टाकला, तेव्हा तू हजर नव्हतास. मी होतो.

त्यानंतर मी मागच्या खोलीत झाडलोट करत होतो. मशीन पुढे ओढलं आणि मागे पाहिलं. जास्तीची तार गुंडाळून तिला मी नेहमी एक गाठ मारतो, सिग्नलमध्ये शिकलेली, एका झटक्यात सुटणारी. ती गाठ तिथे नव्हती. तार वरच्या पोर्टापर्यंत पुरावी म्हणून कुणीतरी ती सोडली होती आणि नंतर दुसरी मारली होती. दुहेरी, घट्ट, तुझ्या डब्याच्या फडक्याला असते तसली. मी खाली बसलो. प्रोग्राममध्ये काही चुकलंच नव्हतं. तू मी नसताना करार मोडून मागे वाकलास, तार खालून काढून वर घातलीस, आणि माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीस. मला न विचारता.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन हसले आणि म्हणाले, "काका, अण्णांनी स्वतः कबूल केलंय. तुम्ही कशाला मधे पडता? दोस्ती कळते मला." मी गाठीचं सांगितलं तर त्यांनी चहा मागवला.

मग मी सांगलीला तुझ्या घरी आलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी बसलोसुद्धा नाही. मी म्हणालो, माझ्यावर उपकार करायला तू कोण? तू म्हणालास, बस, पाणी पी. मी म्हणालो, पाणी नको, उत्तर दे. कुणाला विचारून माझी चूक उचललीस? साहेबासमोर उभं राहायला मी घाबरलो असतो असं वाटलं काय तुला?

त्यावर तू जे बोललास ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

"तुला काढलं असतं तर कुठं गेला असतास रं? मला मंदिर हाय, नातवंडं हायत, ही हाय. तुझी बायकू गेल्यापास्नं तुला काटाघराशिवाय कोण हाय?"

बायको गेलेल्या, मुलगा पुण्यात असलेल्या माणसाला असं कुणी म्हणतं? कीव केलीस तू माझी. सगळ्या हयातीत माझी कीव कुणी केली नव्हती, वरिष्ठांनीही नाही. मी म्हणालो, माझी चूक मला परत दे. तू म्हणालास, आता ती माझी हाय. मी पाण्याला हात न लावता जिना उतरलो. तू वरून हाक मारलीस. मी थांबलो नाही. आपलं शेवटचं बोलणं ते.

यंदा पर्युषणात तू गेलास. आणि पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा काटापूजन झालं.

आता मी कामावर नव्हतो, साहेबांनी मला मान म्हणून बोलावलं होतं. प्रोग्राम नवा, पण मागच्या खोलीतलं मशीन तेच. मी या वेळी कशालाही हात लावायचा नाही असं ठरवून खुर्चीत बसलो. प्रथा मात्र मीच पाडलेली, ती सुटली नव्हती. सुप्रियाने मशीन बाहेर आणलं, पाटावर ठेवलं, पूजा झाली, तिने ते आत नेलं. पहिली गाडी काट्यावर आली आणि पडद्यावर तीच ओळ आली. पुण्याचा माणूस फोनवर सांगत होता, सगळं बंद करून चालू करा. बंद करून चालू केलं. पुन्हा तीच ओळ.

मी उठलो, आत गेलो, आणि या वेळी मागे वाकलो. गुडघे दुखले. तार खालच्या पोर्टात होती.

भूपाल, मी तिथे वाकलेला असतानाच साहेब दारात आले आणि त्यांनी विचारलं, काय झालंय? मागे ती पोर पदराने हात पुसत उभी होती, चेहरा पडलेला. त्या क्षणी माझ्या जिभेवर काय आलं माहीत आहे? मी म्हणणार होतो, मीच मघाशी आत येऊन हलवली असेल. इतकं सोपं होतं ते. म्हातारा माणूस, कोण काय बोलणार? आणि मला वाटलं, असंच वाटलं असेल तुला. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. समोरचा माणूस भेदरलेला दिसतो आणि तोंडातून निघून जातं, एवढंच.

पण माझ्या आधी ती बोलली. "सर, ती तार मीच बसवली. न बघता बसवली."

साहेब म्हणाले, "मग बघून बसवा की."

कुणीतरी हसलं. तिने तार काढून वर घातली. पावती निघाली. गाडी पुढे गेली, दुसरी आली. कुणी घरी गेलं नाही, कुणाला शाल मिळाली नाही.

तेवढंच वाक्य होतं ते. मीच बसवली, न बघता बसवली. ते माझं होतं, भूपाल. मी कदाचित ते बोललो नसतो. कदाचित प्रोग्रामवरच ढकलत राहिलो असतो, तुझा अंदाज बरोबरही असेल. पण मी बोललो असतो की नाही, हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही, कारण तू माझी वाट बघितली नाहीस. मी खांबावरून खाली उतरेपर्यंत तरी थांबायचंस.

त्या दुपारी तिथूनच एसटी धरून मी सांगलीला गेलो. वहिनींनी दार उघडलं. मी उभ्या उभ्या म्हणालो, वहिनी, त्या दिवशी तार मी चुकीची लावली होती.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी भांडाय आलता तवा आतनं ऐकलं सगळं."

दोन वर्षांत मला खरं मानणारं हे पहिलं माणूस. मी खाली बसलो. मग त्या जे बोलल्या ते तू ऐकावंस. तुला वाटतं तू मला वाचवलंस. त्या म्हणाल्या, प्रोग्राम गेल्यावर तू रोज सकाळी आंघोळ करून, कपडे घालून, डबा भरून घ्यायचास आणि गच्चीवर जाऊन बसायचास. दिवस मावळायच्या आत तिथेच एकटा जेवायचास.

"मला तरी इचारलं हुतं का त्यांनी?" त्या म्हणाल्या. "तुमचं ओझं उचललं, आन् बसून ऱ्हायले. मी रोज बघितलं ते. लय राग येतो मला."

मंदिर आहे, नातवंडं आहेत म्हणाला होतास. तुला तरी काटाघराशिवाय कोण होतं?

आम्ही दोघं तुझ्यावर चिडून एका खोलीत बसलो होतो. तुझ्या फोटोला हार होता. दोन वर्षांपूर्वीचा तो तांब्या त्यांनी पुन्हा भरून आणला, आणि मी पाणी प्यालो. खिडकीतून ऊन खाली उतरत होतं. त्या आत जाता जाता म्हणाल्या, "दीस मावळायच्या आत जेवून जावा आता." मी कधी असल्या वेळेला जेवलो नव्हतो, आयुष्यभर त्याची टिंगल केली.

भाकरी होती, मुगाची आमटी होती. जेवलो. तुला माफ केलेलं नाही.